धंद्याच्या पैशाला वेगळे दार हवे

वाचकहो, बैल घ्यायचा झाला तर आपण चार बाजार फिरतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मग कुठे रुमालाखाली बोटे धरतो. बियाण्याची पिशवी घेतानासुद्धा लेबल वाचतो, शेजाऱ्याला विचारतो, गेल्या साली कसे उगवले याची चौकशी करतो. पण धंद्यासाठी बँकेत खाते काढायचे म्हटले की आपला हा सारा चोखंदळपणा कुठे जातो कोण जाणे! "तिथला शिपाई आपल्याच गावचा आहे," "बाजाराच्या वाटेवर पडते," नाही तर "पीककर्जाचे खाते आहेच की, त्यातच चालवू," एवढ्यावर निकाल लागतो. बैल पटला नाही तर पुढच्या बाजारी विकता येतो. खाते चुकले की त्याची कळ फार उशिरा, आणि नेमक्या हंगामात लागते.

आजकाल खेड्यात जोडधंदे वाढले आहेत. कुणी मिरची-हळदीचे कांडपयंत्र घातले, कुणी लाकडी घाणा, कुणी शेवया-पापड, कुणी रोपवाटिका. माझे काम कृषी विस्ताराचे. शिवारात गेलो की बोंडअळीचे आणि खोडमाशीचे विचारणारे अजूनही आहेत, पण हल्ली तिसरा-चौथा प्रश्न हमखास असा निघतो, "साहेब, धंद्याचं खातं कुठं काढावं?" आम्हाला कॉलेजात शेतीचे अर्थशास्त्र शिकवले खरे, पण हा प्रश्न काही परीक्षेत आला नव्हता. त्याचे उत्तर मी लोकांच्या अडचणी पाहत पाहतच शिकलो. त्यातली एका घराची हकिगत सांगतो, म्हणजे मुद्दा नीट ध्यानात येईल. नाव-गाव सांगत नाही. तशी घरे तुमच्याही गावात असतील.

आमच्या अकोल्याकडचे हे एकत्र कुटुंब. दोघे भाऊ, दोघांच्या बायका, म्हातारी आई, चार मुले. नऊ एकर जमीन, कपाशी आणि सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. धाकट्या सुनेने २०२१ साली बचत गटाचे कर्ज काढून आणि स्वतःच्या पाटल्या मोडून पीकेव्ही मिनी डाळ मिल घेतली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यासाठी काढलेले हे यंत्र आमच्या भागात चांगले माहितीचे आहे. बाई कष्टाळू. तुरीला चिरे पाडणे, तेल-पाणी लावणे, वाळवणे, पुन्हा मिलीवर घालणे, चाळणे, पिशव्या भरणे, सगळे ती आणि हाताखालच्या दोघी जणी करीत. डाळ चांगली निघे. क्विंटलभर तुरीमागे सत्तर-बाहत्तर किलो डाळ आणि वर चुणी. डाळ आठवडी बाजारात जाई, तालुक्याच्या दोन दुकानांत जाई. चुणी गावातले दूधवाले घरूनच नेत.

पैसा मात्र सगळा एकाच दारातून ये-जा करी. ते दार म्हणजे नवऱ्याचे बचत खाते. पीककर्ज त्यातच, कपाशीची पट्टी त्यातच, पीकविमा त्यातच, पीएम किसानचे दोन हजार त्यातच आणि डाळीचे पैसेही त्यातच. त्यातूनच मुलांची फी, खत-बियाणे, लग्नातला आहेर आणि थोरल्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता जाई. तीन वर्षांनी नवरा मला म्हणाला, "साहेब, मिल तर चालते, पण पैसा कुठं जाते ते काही समजत नाही." थोरला म्हणे, "त्यांच्या मशीनचं लाइटबिल आम्ही किती दिवस भरायचं?" धाकटी काही बोलत नसे. पाटल्या तिच्या गेल्या होत्या, राबत ती होती, आणि घरात बोलले जात होते की मिल सगळ्यांना खाते आहे. चुली वेगळ्या करण्याची भाषा सुरू झाली होती.

त्यात २०२४ चा फेब्रुवारी आला. तूर घरोघर निघालेली. गावातल्या चौघांशी मिळून तीस क्विंटल तुरीचा सौदा ठरला होता. ही बाई नवऱ्याला घेऊन बँकेत गेली, तर खात्यातून पैसे निघेनात. दोन वर्षांचे पीककर्ज थकले होते म्हणून बँकेने खाते रोखून धरले होते. साहेबांशी वाद झाला, रडारड झाली. पण आठ दिवस काही हलले नाही. तोवर तूर व्यापाऱ्याने उचलली. मिल त्या हंगामात अर्धी रिकामी राहिली.

आता बँकेला शिव्या देणे सोपे आहे. पण कागद काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. एकाच माणसाच्या नावावर एका बाजूला येणे आणि दुसऱ्या बाजूला थकलेले देणे असेल, तर ते एकमेकांत वळते करून घेण्याचा हक्क बँकांना असतो. कर्ज काढताना आपण ज्या चवड्याभर कागदांवर सह्या ठोकतो त्यांतही ते लिहिलेले असते. बँकेच्या लेखी ते पैसे डाळीचे नव्हते आणि पाटल्यांचेही नव्हते. ते थकबाकीदाराचे होते. पैशाला स्वतःचे नाव नसते. ज्या खात्यात तो शिरला, त्याचे नाव त्याला लागते.

महिनाभराने बाई एक शंभरपानी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "साहेब, आता खातं वेगळं काढते. पण कसलं काढू, कुणाच्या नावावर काढू आणि कुठं काढू?" वाचकहो, हे तीन प्रश्न आणि त्यांचा हा क्रम अगदी बरोबर आहे. पुष्कळ लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात. आपण तिच्या क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न, खाते कसले? बचत खाते बचतीसाठी असते, चालू खाते उलाढालीसाठी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे धंद्याच्या नावावर, मग तो एकट्याचा असो की भागीदारीचा, बचत खाते उघडता येत नाही; चालू खातेच काढावे लागते. बचत गटांना यातून सूट आहे, गटाचे बचत खाते चालते. म्हणून बाईने विचारले, "मग गटाच्याच खात्यातून मिल चालवू का?" मी म्हटले, "ताई, ते खाते गटातल्या सगळ्या जणींचे. त्यात तुमच्या एकटीच्या डाळीचा पैसा मिसळला, तर तुमचा हिशेब जाईल आणि गटही मोडेल."

चालू खात्यावर व्याज मिळत नाही, हे ऐकले की आपली माणसे बिचकतात. पण हिशेब करून पाहा. खात्यात वर्षभर सरासरी ४०,००० रुपये राहिले आणि बचतीचे व्याज ३ टक्के धरले, तर वर्षाचे व्याज झाले १,२०० रुपये. महिन्याचे शंभर. त्या शंभरात काय मिळते? दिवसातून कितीही वेळा देणे-घेणे करा, कुणी हटकत नाही. धंद्याच्या नावाने आलेला चेक वटतो. दुकानदाराला धंद्याच्या नावाचे बिल देता येते. आणि मुख्य म्हणजे पुढे कर्जाची मर्यादा मागायला तोंड राहते. त्याचे नंतर सांगतो.

दुसरे एक कारण कराचे आहे. शेतातली तूर विकली तर ते शेतीचे उत्पन्न, त्यावर केंद्राचा आयकर नाही. पण तुरीची डाळ करून विकली की तो धंदा झाला, आणि त्यातला नफा शेतीच्या नावावर खपत नाही. सगळा पैसा एकाच खात्यात असला, तर उद्या कुणी विचारले तेव्हा कपाशीचे किती आणि डाळीचे किती हे कशावरून सांगणार? घरची तूर मिलीला घातली तर त्या दिवशीच्या बाजारभावाने ती मिलीने शेताकडून घेतली असे लिहून ठेवावे. लहान धंद्याला सवलतही आहे. अंदाजे नफा धरून विवरण भरायचे ठरवले, तर रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरता येतो. म्हणजे बँकेतून आलेल्या पैशाला सरकारही थोडे झुकते माप देते. बारकावे कर सल्लागाराला विचारा. पण त्याच्यापुढे ठेवायला वेगळे खाते हवे.

दुसरा प्रश्न, नाव कुणाचे? इथे नीट लक्ष द्या. "अमुक गृहउद्योग" असे झोकदार नाव दिले म्हणजे धंदा मालकापासून वेगळा होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि तो मालक कायद्याने एकच. नवऱ्याच्या मालकीचा धंदा दाखवून त्याच बँकेत चालू खाते काढले असते, तर पाटी बदलली असती, अडचण तीच राहिली असती. म्हणून जो खरोखर धंदा चालवतो, ज्याचे भांडवल आहे, त्याच्याच नावावर खाते हवे. या घरात मिल बाईची होती, भांडवल तिचे होते, राबणूक तिची होती. नवऱ्याच्या पीककर्जाला ती सहकर्जदार नव्हती आणि जामीनही नव्हती. मग तिच्या नावाच्या खात्याला त्या कर्जाची झळ लागायचे कारण नव्हते.

हे मी कर्ज बुडवण्याची युक्ती म्हणून सांगत नाही. पीककर्ज फेडलेच पाहिजे, आणि त्या कुटुंबाने पुढे ते हप्त्याने फेडले. पण एकाच्या कर्जाखाली दुसऱ्याचा धंदा चिरडू नये, एवढाच मुद्दा. उलटही ध्यानात ठेवा. नुसते कागदाला बायकोचे नाव आणि सारा कारभार नवऱ्याचा, कोऱ्या चेकांवर तिच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या, हा प्रकार मी पाहिला आहे. त्यात बायको अडकते आणि तिला पत्ताही नसतो. खाते तिचे तर चेकबुक तिच्या पेटीत, फोनवरचा संदेश तिच्या फोनवर आणि एटीएम कार्डाचा आकडाही तिच्याच डोक्यात.

नावाबरोबर वारसाचे नामनिर्देशनही त्याच दिवशी करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येते. उद्यावर टाकलेले नामनिर्देशन राहूनच जाते.

आता तिसरा प्रश्न, खाते कोणत्या बँकेत? आपल्या आसपास तऱ्हेतऱ्हेच्या पाट्या असतात. राष्ट्रीयीकृत बँक असते. त्यांतल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ रोजी झाले. ग्रामीण बँक असते. राज्यातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक या एकाच नावाने चालतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक असते, नागरी सहकारी बँक असते, खाजगी बँक असते. आणि त्याच रांगेत, बहुधा सगळ्यांत चकचकीत काच लावून, पतसंस्था असते.

या साऱ्यांत पहिली चाळणी सुरक्षिततेची लावा. रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत ठेव विमा महामंडळ आहे. १९६२ साली ही सोय सुरू झाली तेव्हा एका ठेवीदाराच्या १,५०० रुपयांना संरक्षण होते. वाढत वाढत ते १९९३ साली १ लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे. एका बँकेत तुमच्या नावावर असलेले बचत, चालू, मुदत ठेव, सगळ्या शाखांतले, व्याजासकट मिळून ५ लाख. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे खाते आणि त्याच मालकाचे घरचे खाते एका बँकेत असेल तर दोन्हींची बेरीज एकत्रच धरतात, हेही विसरू नका. राष्ट्रीयीकृत, ग्रामीण, खाजगी, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांतल्या ठेवींना हे संरक्षण आहे. पतसंस्थेला आणि गावच्या विकास सोसायटीला नाही. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही. उत्तम चाललेल्या पतसंस्था मला माहीत आहेत. पण पाव टक्का जास्तीच्या मोहाने हंगामाचे भांडवल विम्याच्या छत्राबाहेर ठेवू नये.

विमा आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे ठरले होते. पुढे मर्यादा वाढली, २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीनही झाली. पण मधल्या काळात ज्यांच्या धंद्याचा पैसा अडकला त्यांचे हाल साऱ्यांनी वर्तमानपत्रांत वाचले. त्यानंतर २०२१ साली कायदा बदलला, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. चांगलेच झाले. पण तुरीचा हंगाम काही ९० दिवस थांबत नाही. तेव्हा भांडवल मोठे असेल तर दोन बँकांत विभागून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी चाळणी आकाराची. इथे आकार म्हणजे बँक जे शुल्क लावते ते. चालू खात्यात किमान सरासरी शिल्लक ठेवावी लागते. ती महिन्याची मोजतात की तिमाहीची, हे विचारा. तुमच्या धंद्यात मार्चला खाते तुडुंब आणि श्रावणात कोरडे असेल, तर तिमाहीची सरासरी सोयीची पडते. शिल्लक उतरली तर दंड किती? महिन्याला किती रोख रक्कम फुकट भरता येते आणि त्यापुढे हजारामागे किती घेतात? चेकबुकची किती पाने फुकट? एसएमएसचे किती? या सगळ्या आकारांवर १८ टक्के जीएसटीही असतो. तोंडी सांगितलेले मानू नका. छापील दरपत्रक मागा. ते मागणे हा तुमचा हक्क आहे. बाईची अर्धी विक्री आठवडी बाजारातली, म्हणजे रोखीची. तालुक्याच्या एका बँकेत किमान शिल्लक कमी होती, पण रोख भरण्यावरचा आकार जबर होता. वहीवर दोन्हींची वर्षाची बेरीज मांडली, तेव्हा जास्त शिल्लक मागणारी बँकच स्वस्त निघाली. हे गणित पाटी पाहून सुटत नाही. आपल्या विक्रीचे आकडे घालूनच सुटते.

तिसरी चाळणी वाटेची आणि वेळेची. शाखा किती लांब, एस.टी. किती वाजता, बाजाराच्या दिवशी रांग किती, हेही खर्चच आहेत. दिवस मोडला तर मजुरी बुडते. क्यूआर कोडची पाटी मात्र कुठलीही बँक देते. गिऱ्हाइकाने आपल्या बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशावर दुकानदाराला कमिशन पडत नाही. आवाज करणाऱ्या डबीचे मात्र महिन्याचे भाडे असू शकते, ते विचारा. ही पाटी धंद्याच्याच खात्याला जोडून घ्या. घरच्या खात्याची पाटी गल्ल्यावर लावली, तर वेगळे खाते काढूनही पैसा जुन्याच वाटेने जातो.

चौथी चाळणी मला सगळ्यांत मोठी वाटते: ही बँक उद्या माझ्या धंद्याला कर्ज देईल का? डाळीच्या धंद्याची गंमत अशी की तूर एकदम घ्यावी लागते आणि डाळ वर्षभर हळूहळू विकते. हिशेबाला सोपे म्हणून शंभर क्विंटल तूर धरा. ७,५०० चा भाव धरला तर दोन-तीन महिन्यांत साडेसात लाख उभे करायला हवेत. एवढे कुणाच्या घरात असतात? इथे कॅश क्रेडिट म्हणजे खेळत्या भांडवलाची मर्यादा कामाला येते. विहिरीवर मोटर बसवल्यासारखे आहे ते. लागेल तेव्हा लागेल तेवढे उपसायचे, विक्री झाली की परत भरायचे, आणि व्याज फक्त उपसलेल्या रकमेवर.

ही मर्यादा बँक कशावर ठरवते? लहान उद्योगांसाठी नायक समितीने घालून दिलेली साधी रीत आहे: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या निदान २० टक्के. वरच्या उदाहरणात शंभर क्विंटल तुरीची बाहत्तर क्विंटल डाळ झाली आणि किलोला १२० रुपये धरले, तर उलाढाल ८,६४,००० आणि तिचे २० टक्के म्हणजे १,७२,८००. यात शंभर क्विंटल एकदम येणार नाही. पण वीस-बावीस क्विंटलच्या फेऱ्या करता येतील. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा नियम आहे. मुद्रा योजनेत ५०,००० च्या पुढे ५ लाखांपर्यंतचे कर्ज 'किशोर' गटात येते. मात्र उलाढाल तुम्ही तोंडाने सांगून भागत नाही, ती खात्यात दिसावी लागते. शेतात किती पिकले ते खळ्यावर कळते. धंद्यात किती फिरले ते खात्याच्या उताऱ्यात. म्हणून जी बँक पुढे कर्ज देणार, तिच्यातच पहिल्या दिवसापासून उलाढाल करावी. खाते एकीकडे आणि कर्जाचा अर्ज दुसरीकडे, असे केले की तिथला साहेब म्हणतो, "तुमचा व्यवहार आम्ही कुठे पाहिलाय?" त्याचेही बरोबरच असते.

कागदांचे भय बाळगू नका. आधार, पॅन आणि फोटो तर लागतातच. त्याशिवाय धंदा खरोखर चालतो याचे दोन पुरावे मागतात. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, अन्नपदार्थाचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी, दुकाने व आस्थापना कायद्याखालची पावती, जीएसटी असेल तर त्याचा दाखला, यांतले कोणतेही दोन चालतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, घरबसल्या होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. हजार-दीड हजार मागणारा कुणी भेटला तर तो त्याचा स्वतःचा धंदा समजा.

बाईने चारही चाळण्या लावून तालुक्याच्या एका बँकेत स्वतःच्या नावाने चालू खाते काढले. नवऱ्याचे पीककर्ज त्या बँकेत नव्हते. तिला मी दोनच पथ्ये सांगितली. डाळीचा प्रत्येक रुपया आधी खात्यात जाईल, मग बाहेर येईल. आणि घराला द्यायचे ते महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, खात्यातून घरच्या खात्यात. सासूबाईंच्या औषधाला पैसे हवे असले तरी गल्ल्यातून उचलायचे नाहीत. सुरुवातीला घरात कुरबुर झाली. "आपल्याच पैशाला चिठ्ठी कशाला?" असे नवराही म्हणाला. ती ठाम राहिली.

वर्षाने, एप्रिल ते मार्चचा उतारा तिने बँकेतून आणला आणि संध्याकाळी घरात सगळ्यांपुढे ठेवला. मी तिथे नव्हतो. नवऱ्याने मला नंतर सांगितले. थोरल्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मिलीचे लाइटबिल मिलीनेच भरलेले दिसत होते. घरच्या तुरीचा बाजारभाव मिलीने शेताला दिलेला दिसत होता. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला घरात गेलेली रक्कम दिसत होती, बारा वेळा. थोरला काही बोलला नाही. कागद घडी करून त्याने धाकटीच्या हातात दिला, एवढेच.

यानंतर घर पुन्हा गुण्यागोविंदाने नांदू लागले, असे मी सांगणार नाही. पुढच्या दिवाळीला चुली वेगळ्या झाल्याच. दोन भावांचे पोरगे-पोरी मोठे झाले, घर पुरेना, ते व्हायचेच होते. पण वाटणीच्या वेळी मिलीवर एका शब्दाचा वाद झाला नाही. कुणाचे काय आणि कुणी किती घातले, हे कागदावर होते. भांडायला अंधार लागतो. इथे सगळे उजेडात होते. त्याच उताऱ्यावर बाईला दीड लाखाची मर्यादा मिळाली आणि पुढच्या हंगामात तूर तिने वेळेवर उचलली. पाटल्या अजून झालेल्या नाहीत. त्या होतील तेव्हा होतील. पण मिलीत किती नफा आहे आणि पाटल्यांना किती महिने लागतील, हे आता तिला सांगता येते.

वाचकहो, तुमच्या घरात असा एखादा लहानसा धंदा असेल, मग तो दुधाचा, कुक्कुटपालनाचा, लोणच्याचा की रोपांचा असो, तर या आठवड्यात एवढे करा. एका कागदावर लिहा: धंदा खरोखर कोण चालवतो, महिन्याला रोख किती येते, बँकेतून किती येते, आणि वर्षातला कोणता महिना भरतीचा, कोणता ओहोटीचा. तो कागद घेऊन दोन-तीन बँकांत जा. दरपत्रक मागा, कर्जाचे विचारा, आणि जुने थकलेले कर्ज कुणाच्या नावावर कुठे आहे हे मनाशी पक्के करून मगच सही करा. घरातल्या बाईला बरोबर न्या; पुष्कळदा धंदा तिचाच असतो, आणि नेमके प्रश्नही तीच विचारते. बँकेने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आणि एखादा कागद अडला, तर पंचायत समितीत आम्ही बसलेलो असतोच. बाजाराच्या दिवशी या.